तीस जानेवारी आणि ज्याचे त्याचे दुःख

आमच्या गावाच्या नावापुढे ‘रेल्वे’ लावावे लागते, कारण याच अमरावती जिल्ह्यात दुसरे चांदूर आहे आणि त्याला ‘बाजार’ चिकटलेला आहे. मुंबईकडून नागपूरला जाणारी गाडी बडनेरा सोडते, चांदूर, धामणगाव, पुलगाव करीत वर्ध्याला लागते, आणि वर्ध्याहून सेवाग्राम पायी जाण्यासारखे. १९३६ पासून गांधीजींचे बिऱ्हाड तेथे होते. त्याआधी, नोव्हेंबर १९३३ मध्ये, अस्पृश्यता निवारणाचा त्यांचा देशव्यापी दौरा वर्ध्याहूनच निघाला आणि आरंभीच्या दिवसांतच वऱ्हाडातून गेला. १९४६ च्या ऑगस्टात ते सेवाग्रामहून गेले ते पुन्हा परतले नाहीत. १९४८ च्या फेब्रुवारीच्या आरंभी येण्याचे घाटत होते. तेव्हा ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत जे घडले, ते आमच्या मुलखाला कोठल्या दूरच्या राजधानीतले वाटले नाही. शेजारच्या गावी म्हातारा येणार म्हणून लोक वाट पाहत होते, आणि तो वाटेतच मारला गेला, असे ते दुःख होते.

आमचा जन्म त्यानंतर वीसएक वर्षांनी झालेला. म्हणून येथे आम्ही सांगणार ते वाचलेले आणि ऐकलेले आहे. वाचन पद्धतशीर नाही. शाळा लवकर सुटली, आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि रेल्वेच्या बाकावर झाले. परंतु दरवर्षी कापसाच्या ऐन हंगामात ३० जानेवारी येते, जिनाच्या फाटकाशी एक लहानसा वाद होतो, आणि तो मिटवायला आम्हांला बोलावतात. वाद असा, की राष्ट्राच्या दुःखाचे स्मरण करताना माणसाने आपल्या मनात जे खरोखर आहे त्याची कदर करावी, की राष्ट्र रडते म्हणून आपणही रडावे? प्रश्न साधा दिसतो. त्याच्या पोटात मात्र महाराष्ट्राचा बराच इतिहास दडलेला आहे.

त्या संध्याकाळची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. बिर्ला भवनातील प्रार्थनासभेला जाताना, सायंकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी, नथुराम गोडसे याने तीन गोळ्या झाडल्या. दहाच दिवस आधी, २० जानेवारीला, त्याच जागी मदनलाल पाहवा याने स्फोट घडवला होता. म्हणजे हे संकट न सांगता आले असे नव्हे. पण आम्हांला लक्ष वेधायचे आहे ते गोळ्यांनंतरच्या पाऊण तासाकडे. आकाशवाणीने सहाच्या सुमारास बातमी दिली, तेव्हा मारेकरी हिंदू आहे हे मुद्दाम सांगितले. त्या आधीच्या वेळात ‘मारणारा कोण’ हा एकच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरावर या देशातील लक्षावधी मुसलमानांचे प्राण टांगलेले होते. फाळणीची आग विझलेली नव्हती. पंजाबातील प्रेते लोकांच्या डोळ्यांपुढे होती.

आमच्या युनियनमधले एक जुने मुसलमान सहकारी आता निवृत्त आहेत. त्यांचे वडील रेल्वेत सांधेवाले होते. स्टेशनात बातमी आधी तारेने आली, ती अर्धीच. गांधीजींना मारले एवढेच कळले. सांधेवाला ड्यूटी टाकून घरी जाऊ शकत नव्हता. त्याने एका पोराला घरी पाठवले आणि दार आतून लावून घ्यायला सांगितले. बऱ्याच वेळाने मारणाऱ्याचे नाव कळले. तेव्हा घरातल्या म्हातारीने आधी सुटकेचा श्वास सोडला, आणि मग त्या सुटकेची तिला इतकी लाज वाटली की ती रात्रभर रडत बसली. गांधीबाबा गेल्याचे दुःख मोठे, की आपण वाचलो याची लाज मोठी, हे तिला अखेरपर्यंत ठरवता आले नाही, असे हे सहकारी सांगतात. आम्ही पुष्कळ चरित्रे वाचली. त्या संध्याकाळचे याहून खरे वर्णन आम्हांला त्यांत सापडले नाही. सरकारी स्मरणात मात्र या म्हातारीला जागा नाही; कारण तिचे दुःख स्वच्छ नाही, त्यात भीती आहे, सुटका आहे, लाज आहे.

आता दुसऱ्या दिवसाकडे येऊ. ३१ जानेवारीला अंत्ययात्रा निघाली. शव लष्कराच्या गाडीवर ठेवले होते आणि ती गाडी सैन्यातील जवान दोरांनी ओढत होते. ज्याने जन्मभर शस्त्राला हात लावला नाही त्याला शस्त्रे वाहणाऱ्या गाडीवरून न्यावे, हे आम्हांला आजही खटकते. पण गर्दी एवढी होती की व्यवस्था लष्कराकडे गेली. चितेला अग्नी दिला तो रामदास गांधींनी. ते नागपुरास राहत. तेथून विमानाने गेले. या रामदासांविषयी पुढे सांगू.

त्याच दिवशी आणि पुढच्या चार-सहा दिवसांत महाराष्ट्रात काय झाले, हे आपण कुजबुजत सांगतो. मारेकरी पुण्याचा आणि ब्राह्मण. तेवढ्यावरून मुंबई, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर येथे आणि त्या बाजूच्या खेड्याखेड्यांतून ब्राह्मणांची घरे जाळली गेली. नागपूर-वऱ्हाडकडेही झळ आली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा ‘जयप्रभा’ स्टुडिओ जळाला. मुंबईत डॉ. नारायणराव सावरकरांना दगडांनी ठेचले. ते त्या दुखण्यातून नीट उठले नाहीत, १९४९ च्या ऑक्टोबरात गेले. ज्यांचा कटाशी कसलाच संबंध नव्हता, ज्यांच्या घरात चरखा फिरत होता, अशांचीही घरे गेली. व्यंकटेश माडगूळकरांनी या दिवसांवर ‘वावटळ’ ही कादंबरी लिहिली. पण सभांमध्ये हा विषय निघाला की लोक पायांकडे पाहू लागतात.

जमाव रडत होता, यात शंका नाही. पण तो एकट्या गांधींसाठी रडत नव्हता. सावकारी, वतने, पिढ्यान्‌पिढ्यांचा जातीचा तोरा, मालक-कुळांची भांडणे, हे सगळे त्या आगीत होते. काही ठिकाणी घराआधी कर्जाचे कागद जळाले असे जुनी माणसे सांगत. अन्याय खरा होता. आम्ही कामगारांचे लोक, तो नाकारणार नाही. परंतु त्याचा जाब ज्या दिवशी विचारायचा त्या दिवशी विचारावा. दुसऱ्याच्या प्रेताआड उभे राहून विचारू नये. ज्या माणसाने नोआखालीत आणि कलकत्त्यात पेटलेल्या घरांपुढे उभे राहून आग थांबवली, त्याच्या नावाने घरे पेटवणे, याला शोक म्हणावे काय? आमच्या मते त्या जमावाने स्वतःच्या मनाशीही प्रामाणिकपणा केला नाही. होता जुना राग, त्यावर पांघरूण घातले गांधींच्या दुःखाचे.

असे पुन्हा घडले. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींची हत्या झाली, आणि पुढच्या तीन दिवसांत एकट्या दिल्लीत सरकारी आकड्याप्रमाणे २,७३३ शीख मारले गेले. तेव्हा आम्ही पंधराएक वर्षांचे होतो. रेडिओवर शोकसंगीत चालू होते, आणि त्याच वेळी हे चालले होते हे आम्हांला फार उशिरा कळले. १९४८ ला तरुण असलेल्यांना त्यात काही नवे वाटले नसेल.

जाळपोळीला अंकुश घालू पाहणारेही होते. साने गुरुजींनी गांधींच्या खुनाने व्यथित होऊन २१ दिवसांचे उपोषण केले. सेवाग्रामला मार्च १९४८ मध्ये, ११ ते १५ तारखेपर्यंत, देशभरचे गांधीजींचे सहकारी जमले. नेहरू, राजेंद्रबाबू, आझाद, कृपलानी, विनोबा. ती बैठक गांधीजींच्या हयातीतच ठरत होती; भरली ती त्यांच्याविना.

विनोबांची गोष्ट आमच्या विषयाला फार उपयोगी आहे. बातमी आली तेव्हा ते पवनारला होते. पहिले दोन-तीन दिवस त्यांच्या डोळ्यांत पाणी आले नाही. मन शांत होते, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले. लोकांना ते चमत्कारिक वाटले असणार. बापूंचा पहिला सत्याग्रही, आणि कोरडा! मग तिसऱ्या दिवशी सेवाग्रामच्या प्रार्थनेत बोलता बोलता आसवे वाहू लागली. आणि तीही बापूंच्या मरणासाठी नव्हती म्हणे. माणसे माणसांना मारीत सुटली होती आणि आपण त्यांना आवरू शकलो नाही, ही ती बोच होती. पहिल्या दिवशी कोणी त्यांच्यापुढे येऊन ‘रडा’ म्हटले असते, तर या माणसाने काय केले असते याची कल्पना करावी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा केंद्रात कायदेमंत्री होते. ते अंत्ययात्रेत थोडे अंतर चालले. शोकाचे मोठे जाहीर भाषण त्यांनी केले नाही. १९३२ चा पुणे करार, स्वतंत्र मतदारसंघाविरुद्धचे गांधींचे प्राणांतिक उपोषण, आणि त्या उपोषणाच्या काळात आपल्या गळ्याशी आलेला फास, हे ते विसरले नव्हते, आणि विसरण्याचे कारणही नव्हते. त्या फेब्रुवारीत एका खाजगी पत्रात त्यांनी लिहिले त्याचा आशय असा, की असे मरण गांधींना यायला नको होते, ते कृत्य नीच होते; परंतु मोठी माणसे देशाला जशी उपकारक तशी एका टप्प्यावर अडसरही होतात. पत्र होते डॉ. शारदा कबीर यांना. एप्रिलमध्ये त्यांच्याशीच बाबासाहेबांचा विवाह झाला. म्हणजे आपल्या अगदी जवळच्या माणसाजवळ त्यांनी मन उघडे केले, बाजारात नाही. जे दुःख नाही त्याचे सोंग त्यांनी आणले नाही, आणि खुनाला खून म्हणायलाही चुकले नाहीत. आम्हांला हा वस्तुपाठ वाटतो.

बाबासाहेबांचे नाव निघालेच आहे तर अमरावतीची एक हकीकत सांगून टाकतो. १३ नोव्हेंबर १९२७ ला इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. विषय अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा. परिषद चालू असतानाच मुंबईहून वडील बंधू बाळाराम गेल्याची बातमी आली. परिषद पुढे चालली. कीर्तनात मुलाच्या मृत्यूची तार आली तरी कीर्तन न थांबवणारे गाडगेबाबाही आमच्याच जिल्ह्याचे. या दोन गोष्टी आपल्याकडे फार सांगितल्या जातात, पण बहुधा चुकीच्या माणसाला. नवरा गेलेल्या बाईला सांगतात की बघ, गाडगेबाबा रडले नाहीत. अहो, त्यांनी आपले दुःख आवरले ते आपल्या इच्छेने. दुसऱ्याचे दुःख आवरायला त्यांनी कोणाला मुखत्यारपत्र दिलेले नाही.

आता रामदास गांधींकडे वळतो. खटला लाल किल्ल्यात चालला. १० फेब्रुवारी १९४९ ला निकाल लागला. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशीची शिक्षा झाली. देशाची मागणी काय होती हे सांगायला नको. पण मणिलाल आणि रामदास या दोघा पुत्रांनी सरकारला विनंती केली की फाशी देऊ नका. आमच्या वडिलांना हे मान्य झाले नसते. रामदासांनी तुरुंगातील गोडसेशी पत्रव्यवहारही केला, त्याला पश्चात्ताप व्हावा म्हणून. विनंती मान्य झाली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाला येथे दोघांना फाशी झाली. सरकारने कायद्याप्रमाणे केले, त्यावर आमचे काही म्हणणे नाही. पण पाहा, ज्याचा बाप गेला त्याला सूड नको होता आणि ज्यांचा ‘राष्ट्रपिता’ गेला त्यांना हवा होता. सख्ख्या मुलाचे दुःख राष्ट्राच्या दुःखाशी जुळले नाही. ते तसे जुळायला हवे होते, असे कोण म्हणेल?

येथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. ज्याला जे वाटते ते वाटू द्या म्हणता, तर त्या दिवशी ज्यांनी पेढे वाटले त्यांचे काय? मिठाई वाटली गेली, हे काही नुसते विरोधकांनी उठवलेले नाही. सरदार पटेलांनी सप्टेंबर १९४८ मध्ये गोळवलकर गुरुजींना लिहिलेल्या पत्रात त्याचा उल्लेख केला आहे. आमचे उत्तर असे. मनात काय आले त्याला कोणी चौकीदार नेमता येत नाही. गांधींविषयी कोणाच्या मनात राग होता, फाळणीत सर्वस्व गेलेल्या निर्वासिताच्या मनात तर तो असण्याचे कारणही होते. पण पेढा हा मनात नसतो. तो हलवायाकडून आणावा लागतो, दुसऱ्याच्या हातावर ठेवावा लागतो. तेथे ती भावना राहिली नाही, ते कृत्य झाले, आणि कृत्याचा जाब समाज विचारणारच. काडी लावणाऱ्या जमावालाही हाच न्याय. दोघांचाही दावा एकच होता, की आमच्या भावना अनावर झाल्या.

शब्दाचेही तसेच. आपल्याकडे काहीजण अजून ‘गांधीवध’ म्हणतात. मराठीत वध होतो तो कंसाचा, कीचकाचा, अफझलखानाचा. हा शब्द वापरला की निकाल आधीच दिलेला असतो. ‘हत्या’ बरा, पण आम्ही साधा ‘खून’ म्हणतो. फौजदारी कोर्टात हाच शब्द चालतो आणि कामगाराला तो समजतो. भावना ज्याची त्याची असेल, पण कोणी मारले, केव्हा मारले, त्या आठवड्यात कोणाची घरे जळाली, या गोष्टी ज्याच्या त्याच्या नाहीत. त्या सर्वांच्या सामाईक आहेत आणि त्यांत फेरफार करण्याची मुभा कोणालाही नाही, दुखावलेल्यालाही नाही.

आता मौनाविषयी. दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता दोन मिनिटे काम थांबवून उभे राहावे, असा सरकारी प्रघात आहे. जेथे भोंगा आहे तेथे १० वाजून ५९ मिनिटांनी वाजतो, अकराला थांबतो. ११ वाजून २ मिनिटांनी पुन्हा वाजतो. गांधीजी पडले संध्याकाळी, मौन सकाळी. कचेऱ्यांच्या सोयीचे असेल. पण अकराचा ठोका आणि दोन मिनिटे ही जोडी मूळची युरोपातली आहे. पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी अकराला थांबले, आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी, त्याच वेळी, इंग्लंडच्या राजाने साऱ्या साम्राज्याला दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्यास सांगितले. तीच पद्धत आपल्याकडे राहिली असावी, असा आमचा तर्क आहे. पद्धत वाईट नाही. दोन मिनिटे यंत्र थांबणे हीच कामगाराच्या जगात मोठी गोष्ट असते.

खुद्द गांधीजींची रीत निराळी होती. रौलट कायद्याविरुद्धचा ६ एप्रिल १९१९ आणि जालियनवाला बागेचा १३ एप्रिल, हे दोन दिवस ते पुढे वर्षानुवर्षे उपवासाने पाळीत. मधला आठवडा सूतकताईचा. जालियनवाला ही केवढी राष्ट्रीय जखम! पण त्या दिवशी डायरच्या नावाने मुठी आवळायला त्यांनी सांगितले नाही. त्याच दिवसांत अमृतसरला आणि अहमदाबादला आपल्या लोकांनी केलेल्या हिंसेचाही ते उल्लेख करीत. उपवासात एक सोय आहे. उपाशी माणसाच्या मनात काय चालले आहे ते कोणी विचारीत नाही. आमच्या भागात अलीकडे तशीच एक गोष्ट सुरू आहे. १९ मार्च १९८६ ला यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीव दिला; महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या मोजणीत ही पहिली मानली जाते. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून १९ मार्चला लोक एक दिवस अन्न सोडतात, जो जेथे असेल तेथे. कोणी मंडपात बसतो, कोणी कचेरीत काम करीत उपाशी राहतो. विधवेला मंचावर आणून रडायला लावण्याचे प्रकार आम्ही पाहिले आहेत. त्यापेक्षा हे शतपट बरे.

आणि ज्याला मौन कसे असते ते पाहायचे असेल, त्याने चांदूरहून जवळच असलेल्या गुरुकुंज मोझरीला जावे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तेथे मौन पाळतात. गेले त्या वेळेलाच. कचेरीच्या सोयीने नव्हे. लाखावर माणूस उभा असतो. लेकुरवाळ्या बाया असतात, धोतरातले म्हातारे असतात, आणि पाखराचा आवाज ऐकू येतो. हे महाराज १९३६ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून महिनाभर सेवाग्रामला राहिले होते. त्यांची खंजिरी त्या आश्रमात वाजलेली आहे. तेथे उभ्या असलेल्यांपैकी किती जण महाराजांसाठी उभे असतात आणि किती आपल्या घरातल्या गेलेल्यासाठी, कोणास ठाऊक. कोणी विचारीत नाही, म्हणूनच एवढी माणसे येतात असे आमचे मत आहे.

जिनाच्या फाटकावरचा वाद सांगायचा राहिला. जानेवारीअखेर म्हणजे कापसाची आवक भरात. ट्रॅक्टर आणि टेंपो रस्त्यापर्यंत लागलेले असतात. काही वर्षांमागे आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी ठरवले की अकराला सर्वांनी रांगेत उभे राहायचे, आणि जो उभा राहणार नाही त्याचे नाव लिहून घ्यायचे. हेतू चांगला होता. गांधींची टवाळी करणारे संदेश मोबाईलवर फिरू लागले होते आणि पोरांना त्याचा संताप होता. पण रांग लागल्यावर पहिला अडला तो जिनाचा दिवाणजी. त्याचे आजोळ सातारा जिल्ह्यातले. अठ्ठेचाळीसच्या जळितात त्याच्या आईचे माहेर गेले. ती दहा वर्षांची पोर, परकर-पोलक्यावर शेतातून पळाली होती, आणि मरेपर्यंत होळीच्या दिवशी घराबाहेर येत नसे. दिवाणजी शांतपणे म्हणाला, “भाऊ, मी उभा राहतो. दरवर्षी राहतो. पण उभं राहून मनात काय आणायचं, तेवढं मला सांगू नका.”

त्याच रांगेत रेच्यावर कापूस टाकणारी एक बौद्ध बाई होती. ती आमच्याकडे वळून म्हणाली, “बाबासाहेब गेले त्या दिवशीचं रडनं आमच्या घरात अजून सांगतेत, भाऊ. गांधीबाबाच्या दिवशीचं कोनी सांगत नाही. मंग मी डोयात पानी कुठून आनू?” आणि मघा ज्यांच्या आजीची गोष्ट सांगितली ते मुसलमान सहकारी त्या दिवशी भेटायला म्हणून आले होते. ते काही बोलले नाहीत. रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले, टोपी हातात घेऊन.

नाव लिहायला घेतलेली वही आम्ही मागून घेतली. तरुणांना ते आवडले नाही. त्यांपैकी एकाने विचारले, की मग ज्याला गांधींचा खून योग्य वाटतो तोही येथे येऊन उभा राहील, त्याला चालवून घ्यायचे का? आम्ही म्हणालो, उभा राहू दे. दोन मिनिटे गप्प उभा राहिला तर त्याने काही बिघडवले नाही. तोंड उघडून खुनाचे गुणगान केले तर तेथल्या तेथे त्याला उत्तर द्यायचे, तारीखवार द्यायचे, आणि त्यासाठी वाचायचे. पोरगा हट्टी होता. अर्धा तास वाद घालत राहिला. आम्हांला तो आवडला. पुढे त्याने ग्रंथालयातून कपूर आयोगाच्या अहवालाची प्रत मिळवून वाचून काढली. १९६६ ते १९६९ या काळात न्या. जीवनलाल कपूर यांनी कटाची फेरचौकशी केली होती. आज आमच्याकडे त्याच्याइतके त्या प्रकरणाविषयी कोणी सांगू शकत नाही.

तेव्हापासून जिनाच्या फाटकावर २९ जानेवारीला खडूने लिहितात : “उद्या ११ वाजता दोन मिनिटे रेचे बंद. ज्यांना यायचे त्यांनी आवारात यावे. हजेरी नाही.” मालक कुरकुरतो, कारण रेचे थांबवून पुन्हा लयीत आणायला दोन मिनिटांहून बराच जास्त वेळ जातो. तो वेळ पगारातून कापायचा नाही, एवढे आम्ही त्याच्याकडून लेखी घेतले आहे. रेचे थांबले की आधी पट्ट्यांचा फटफटाट विरतो, मग हवेत उडालेला कापूस हळूहळू खाली बसू लागतो. तो लोकांच्या डोक्यांवर, खांद्यांवर, दिवाणजीच्या चष्म्यावर बसतो. कोणी तो झटकत नाही. मग भोंगा होतो आणि बाया आपापल्या रेच्याकडे परततात.